तोंडाचा वास : आधी तोंड तपासा

‘पोट साफ होत नाही, म्हणून तोंडाला वास येतो,’ असे निदान रुग्ण घरूनच करून येतो आणि बरेचदा डॉक्टरही ते मान्य करतात. मग चूर्ण, जुलाब आणि आम्लपित्ताच्या गोळ्यांत महिने जातात. वास मात्र जात नाही. कारण दहापैकी आठ-नऊ रुग्णांत दुर्गंधीचे मूळ तोंडातच असते. जिभेच्या मागील भागावरच्या थरात आणि हिरड्यांच्या फटींत जिवाणू प्रथिने कुजवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकयुक्त वायू तयार होतात. अन्ननलिका एरवी मिटलेली असल्याने पोटातला वास श्वासात क्वचितच उतरतो.

तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. रुग्णाने कांदा-लसूण, तंबाखू व माउथवॉश टाळून यावे. आधी तोंड मिटून नाकाने, मग नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास सोडावा. वास फक्त तोंडाच्या श्वासाला असेल, तर जीभ, हिरड्या, किडलेले दात आणि टॉन्सिल पाहावेत. फक्त नाकाच्या श्वासाला असेल, तर दोष नाकात किंवा सायनसमध्ये असतो. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण स्राव येत असेल, तर आत मणी किंवा शेंगदाणा अडकल्याची शंका घ्यावी. दोन्ही श्वासांना सारखाच वास असेल, तर कारण शरीरात शोधावे. मधुमेही रुग्णाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, सोबत उलट्या आणि धाप असेल, तर त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

काहींना वास नसतानाही तो येतो असे वाटत राहते आणि ते माणसांत मिसळणे सोडतात. आपल्या नाकाला आपलाच वास नीट कळत नाही. म्हणून घरातल्या विश्वासू माणसाला विचारावे. वास नसेल, तर त्या भीतीवर उपचार हवेत, हसण्यावारी नेणे नको.

खरा धोका तोंड न पाहण्यात आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी असली, तरी तंबाखू आणि मिश्री घराघरांत आहेत. वासासाठी आलेल्या अशा रुग्णाच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम सापडू शकते. ती कर्करोगाची सुरुवात असेल, तर लवकर सापडणे म्हणजे जीव वाचणे. बाह्यरुग्ण विभागात कितीही गर्दी असो, गोळी लिहिण्याआधी टॉर्च लावून तोंड पाहिलेच पाहिजे आणि गरज असेल तर रुग्णाला दंतवैद्याकडे धाडलेच पाहिजे.