बैलांना घाट आहे, पोरांना नाही

गेल्या डिसेंबरात मी आयुष्यात पहिल्यांदा खरीखुरी स्पोर्ट्स कार चालवली. गाडी अर्थातच माझी नव्हती. माझ्या गाडीची मागची काच अर्ध्यात अडकते आणि ती तशीच राहू दिलेली आहे. नगरच्या शाळेतला एक मित्र चेन्नईत स्थिरावलाय, त्याने नवी बीएमडब्ल्यू एम२ घेतली. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो, सगळी ताकद मागच्या चाकांना आणि किंमत एक कोटीच्या आसपास. तो म्हणाला, “ये, इरुंगाट्टुकोट्टईला ट्रॅक डे आहे. दोन पाळ्या तू चालव.”

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. फी भरायची, आपली गाडी आणायची आणि शर्यतीच्या ट्रॅकवर ठरलेल्या पाळीत चालवायची. नंबर नाही, बक्षीस नाही. सकाळी सातला पोचलो, तर आधी गाडीऐवजी खुर्ची मिळाली. पाऊण तास नुसते नियम. पिवळा झेंडा दिसला की वेग कमी, ओलांडायचं नाही. लाल दिसला की सावकाश परत. पुढच्याने खूण केल्याशिवाय मागच्याने पुढे जायचं नाही. हेल्मेट सक्तीचं. आणि रुग्णवाहिका जागेवर नसेल, तर एकही चाक फिरणार नाही.

दुसऱ्या पाळीत मी व्हायचं तेच केलं. सरळ पट्ट्यावर काटा १८० च्या पुढे गेला, मला स्वतःचं फार कौतुक वाटलं आणि ब्रेक लावायला उशीर झाला. घाबरून वळणातच पाय दाबला. गाडीचं नाक वळेना. ती सरळ ट्रॅकबाहेरच्या मोकळ्या जागेत गेली, धुरळा उडाला आणि थांबली. कुठेतरी पिवळा झेंडा हलला. शेजारी बसलेला प्रशिक्षक ओरडला नाही. त्याने एवढंच विचारलं, “ब्रेक कुठे लावलात?” मी म्हणालो, “वळणात.” तो म्हणाला, “पुढच्या फेरीत वळणाआधी लावा.” पुढच्या फेरीत मी वळणाआधी लावला.

माझ्या मावसभावाला पुढची फेरी मिळाली नाही. चूक तंतोतंत हीच होती. राहुरीच्या अलीकडचं वळण, दीडशे सीसीची मोटरसायकल, वय बावीस. त्याच्या वळणाबाहेर मोकळी जागा नव्हती, लिंबाचं झाड होतं. दहाव्याला जमलेली माणसं म्हणत होती, “पोरगं फार जोरात चालवायचं.” खरं होतं. पण त्याला थांबायला कुणी शिकवलं होतं, हे त्या दहाव्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता मुद्द्यावर येतो. आमचं नगर, कागदावर आता अहिल्यानगर, हे गाड्यांचं गाव आहे. लष्कराच्या चिलखती दलाचं केंद्र आणि प्रशाला इथे आहे. देशभरातले जवान इथे येऊन रणगाडा चालवायला शिकतात. संरक्षण संशोधनाची वाहन संस्था, व्हीआरडीई, इथेच आहे. तिच्या वसाहतीचं नावच वाहननगर. तिथे गाड्या तपासण्यासाठी खास ट्रॅक बांधलेले आहेत. रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टवर पोलाद चढवून केलेली चिलखती गाडी उभी आहे, शाळेच्या सहली ती बघून जातात. म्हणजे वेगातलं वाहन थांबवायचं कसं, वळवायचं कसं, हे ज्ञान या शहरात आहे. ते तारेच्या कुंपणापलीकडे आहे. कुंपणाअलीकडे नगर-मनमाड रस्ता आहे, बाह्यवळण आहे आणि कोपरगावजवळून जाणारा समृद्धी महामार्ग आहे, जिथे मोटारींना ताशी १२० ची परवानगी आहे.

आणि कुंपणाअलीकडे घाटही आहे. बैलगाड्यांचा. पारनेर तालुक्यात यात्रा असली की घाट कसा सजतो, ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. बारी किती सेकंदात बसली, फळीफोड कुणाची, घाटाचा राजा कोण, यावर रात्र सरते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. मोर्चे निघाले, विधिमंडळाने २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. नऊ वर्षं लढून आपण वेगासाठी एक आखलेली जागा मिळवली. तिला नियम लावले, अनामत लावली, डॉक्टर लावला. त्यात माझ्यासारखे शहरी लोकही होते, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. प्रश्न इतकाच, की बैलासाठी जो शहाणपणा दाखवला, तो गाड्यावरच्या पोराच्या हातात मोटरसायकल आल्यावर कुठे जातो?

त्या निकालाला एक वर्ष झालं आणि १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. आरोप सतरा वर्षांच्या मुलावर. बाल न्याय मंडळाने जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं आणि महाराष्ट्र संतापला. संताप योग्यच होता. पण आपणही गेली अनेक वर्षं निबंधच लिहितोय. ‘अति घाई संकटात नेई’ हा निबंधच आहे. रस्ता सुरक्षा सप्ताहातली फेरी, शाळेतली शपथ, हेल्मेट घालून काढलेले पुढाऱ्यांचे फोटो, सगळे निबंध. गणिताचं एक वाक्य मात्र कुणी शिकवत नाही: वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. ताशी १०० ला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. घाबरण्यात एक सेकंद गेला, तर ब्रेक लागण्याआधीच २८ मीटर संपले. हे वहीत लिहून कळत नाही. पायाला कळावं लागतं. मला परवाना मिळाला तेव्हा ‘आठ’ काढून दाखवायला सांगितलं होतं. ‘पन्नासवरून थांबवून दाखव’ असं कुणी म्हणालं नाही.

आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, हे श्रीमंतांचे चोचले. चेन्नईचा तो दिवस श्रीमंतांचाच होता, मी पाहुणा म्हणून गेलो, हे कबूल. पण तो ट्रॅक सरकारने किंवा शेठजीने आंदण दिलेला नाही. मद्रासच्या मोटर स्पोर्ट्स क्लबचे लोक आधी शोलावरमच्या जुन्या, युद्धकाळातल्या धावपट्टीवर शर्यती भरवत. मग क्लबनेच स्वतःचा ट्रॅक उभारला, तो १९९० पासून सुरू आहे. चार जणांनी एकत्र येऊन मोठी गोष्ट उभी करायची, हे लोणीला सहकारी साखर कारखाना काढणाऱ्या जिल्ह्याला मद्रासकडून शिकायची वेळ यावी?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. शिकवलं, तर पोरं जास्त माजतील. याला पुरावा आहे. नॉर्वेने निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा तरुण पुरुषांचे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढल्याचं आढळलं. घसरलेली गाडी आपण सावरू शकतो, असा भरवसा त्यांना आला होता. म्हणून काय शिकवायचं ते महत्त्वाचं. पोराला गाडी सावरायला शिकवू नका. सुरक्षित जागेत त्याला हरू द्या. चाळीसला थांबव, मग साठला थांबव, आणि खुणेच्या किती पुढे गेलास ते पावलं मोजून बघ. मी त्या ट्रॅकवर हरलो, म्हणून आज राहुरीच्या वळणाआधी माझा पाय आपोआप उचलला जातो.

तिसरा आक्षेप जमिनीचा. के. के. रेंजच्या विस्ताराच्या भीतीत पारनेर-राहुरीच्या गावांनी वर्षं काढली आहेत. त्यांच्याकडे आणखी जमीन मागणाऱ्याला मीच आडवा येईन. पण ब्रेक शिकायला पाच किलोमीटरचा ट्रॅक लागत नाही. दोन-तीनशे मीटरचं सपाट, बंदिस्त आवार पुरतं. जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत ते मोजा. गाळप संपलं की उसाच्या गाड्यांचे तळ पुढच्या हंगामापर्यंत रिकामे पडतात. त्यातला एक, महिन्यातले दोन रविवार, परिवहन खात्याच्या देखरेखीखाली. शिकवायला माणसं? रणगाडे शिकवून निवृत्त झालेले उस्ताद भिंगारात राहतात. एक रुग्णवाहिका आणि दोन झेंडे. कायदाही आड येत नाही. मोटार वाहन कायद्याचं १८९ वं कलम सार्वजनिक जागी, राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय लावलेल्या शर्यतीला शिक्षा सांगतं. इथे जागा बंदिस्त आहे आणि शर्यत नाहीच.

परवा मावशीकडे गेलो होतो. तिचा धाकटा आता एकोणीस वर्षांचा झालाय, दारात नवी मोटरसायकल आहे. मी चेन्नईचं सांगायला लागलो, तसे त्याचे डोळे लकाकले. “दादा, किती पळवली?” मी म्हणालो, “ते सोड, थांबवली कुठे ते ऐक.” त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. मला राग आला नाही. पोहणं कोरड्यावर शिकवल्यासारखं बोलत होतो मी.

तो उठून बाहेर गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत मावशी हातातलं काम थांबवून उभी होती.