ओले धान्य वर ठेवा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही साताऱ्याहून चिपळूणला निघालो होतो. मामूंच्या घरी निकाह होता. सात आसनांच्या गाडीत आम्ही सात जण, टपावरच्या कॅरिअरला बांधलेल्या बॅगा, मागे गुळाच्या ढेपा आणि शेंगांचे पोते. गाडी दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. घेताना आम्ही रंग पाहिला, एसी पाहिला, टायर पाहिले, किलोमीटर पाहिले. निघताना सगळ्यांनी सफरची दुआ पढली. पाटण आणि कोयनानगर मागे पडले आणि कुंभार्ली घाटाचा उतार सुरू झाला. तिसऱ्या-चौथ्या वळणावर भाईजान हळूच म्हणाले, "ब्रेक दगडासारखा झालाय."

त्यांनी दोन्ही पाय पेडलवर रोवले. गाडीचा वेग थोडा कमी झाला, पण गाडी थांबेना. त्यांनी एकेक गिअर खाली आणला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूने गाडी कडेला घेऊन थांबवली. मागच्या सीटवर दादीच्या हातात तसबीह होती. काय घडले ते तिला गाडी थांबल्यावर कळले. अलहम्दुलिल्लाह, कोणालाही खरचटले नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी टो करून चिपळूणच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तिथल्या मुलाने चेसिस नंबर संगणकात घातला आणि सहज म्हणाला, "या गाडीच्या ब्रेकच्या व्हॅक्यूम पंपाचं रिकॉल आहे. काम मोफत होतं. तुम्हाला पत्र नाही आलं?" पत्र गेले होते, पण पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. आम्ही त्यांना फोन लावला. सेवानिवृत्त गृहस्थ, बोलणे अदबीचे. म्हणाले, "हो, कंपनीचं काहीतरी आलं होतं. मला वाटलं सर्व्हिस कॅम्पची जाहिरात असेल. नंतर गाडीच विकली."

एक लिफाफा नीट न वाचल्यामुळे सात जीव दरीच्या कडेला उभे होते. म्हणून या महिन्यात हे सदर गाडीच्या ब्रेकवर आणि रिकॉलवर लिहीत आहोत. आपल्या वाचकांच्या घरांतही आता अशा मोठ्या गाड्या आल्या आहेत. निकाहाला, ईदला, गावी जाताना अख्खे कुटुंब एका गाडीत बसते, आणि या गाड्यांपैकी कितीतरी सेकंडहँड असतात.

पेडलामागचा डबा

रिकॉल म्हणजे काय? गाडी विकल्यानंतर एखाद्या भागात बनावटीचा दोष आढळला, की कंपनी त्या काळात बनलेल्या सर्व गाड्या तपासणीसाठी परत बोलावते आणि दोष आपल्या खर्चाने दूर करते. ग्राहकाने वापरात हयगय केली असा त्याचा अर्थ नसतो.

ब्रेकच्या पेडलामागे, बॉनेटच्या आत, मोठ्या ताटाएवढा एक गोल डबा असतो. त्याला बूस्टर म्हणतात. त्याच्या आत रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूची हवा ओढून घेऊन पोकळी तयार केलेली असते. आपण पेडल दाबले की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते, पडदा ढकलला जातो आणि आपल्या पायाचा जोर कितीतरी पटींनी वाढतो. तो जोर ब्रेक ऑइलमार्फत नळ्यांतून चाकांपर्यंत पोहोचतो. डिझेल इंजिनात ही पोकळी आपोआप तयार होत नाही, म्हणून तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. हा पंप किंवा बूस्टर निकामी झाला तरी ब्रेक पूर्ण जात नाही, पण पेडल इतके कडक होते की सर्वसाधारण माणसाच्या पायाला ते पुरेसे दाबवत नाही. भरलेली सात आसनी गाडी घाटात असताना एवढी उणीव पुरेशी असते.

असे दोष नामांकित कंपन्यांच्या गाड्यांतही निघाले आहेत. २०१४ मध्ये अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने जीप ग्रँड चेरोकी आणि डॉज ड्युरँगो या ८,६७,७९५ गाड्या परत बोलावल्या. बूस्टरच्या कवचाला गंज लागून आत पाणी शिरण्याचा धोका होता. थंडीत ते पाणी गोठले तर ब्रेकची ताकद कमी झाली असती. २०२२ मध्ये मर्सिडीज-बेंझने २००४ ते २०१५ या काळात बनलेल्या एमएल, जीएल आणि आर श्रेणीच्या जगभरातील जवळपास १० लाख गाड्या बोलावल्या. तिथेही बूस्टरच होता. त्यावरच्या रबरी आवरणाखाली ओल साचत होती आणि आतल्या आत पत्रा गंजत होता. तपासणी होईपर्यंत गाडी चालवूच नका, असे अमेरिकेतील मालकांना सांगण्यात आले. २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत सुमारे ३४ लाख गाड्यांचे रिकॉल जाहीर केले. एबीएसच्या भागातून ब्रेक ऑइल आत झिरपून शॉर्ट सर्किट आणि आग लागण्याचा धोका होता. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घराबाहेर, इमारतीपासून दूर उभी करा, अशी सूचना होती.

आपल्या देशातही हे घडते. २०२३ मध्ये महिंद्राने विजेवर चालणाऱ्या एक्सयूव्ही ४०० च्या ३,५६० गाड्या ब्रेकच्या पोटेन्शिओमीटरची स्प्रिंग तपासण्यासाठी बोलावल्या. त्याच वर्षी मारुती सुझुकीने बलेनो आरएसच्या ७,२१३ गाड्या बोलावल्या. ही गाडी एसयूव्ही नव्हे, पण दोष ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपाचा होता आणि पेडल दाबायला जास्त जोर लागू शकतो, असे कंपनीनेच सांगितले. त्या गाड्या २०१६ ते २०१९ या काळात बनलेल्या होत्या. मधल्या वर्षांत त्यांतील काही गाड्यांचे मालक बदललेही असतील.

कायदा काय सांगतो

आपल्याकडे २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेची स्वेच्छेने पाळायची रिकॉल संहिता होती. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ११०-अ आले. त्यानुसार दोष जीवाला किंवा पर्यावरणाला घातक असेल तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत घ्यायला लावू शकते. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांचे मालक 'वाहन' पोर्टलवर दोषाची तक्रार नोंदवू शकतात. ठरावीक प्रमाणात तक्रारी जमल्या की चौकशी होते, आणि सक्तीचे रिकॉल निघाले तर कंपनीला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे आपली एक तक्रारही वाया जात नाही. ती कोणा अनोळखी कुटुंबाच्या उपयोगी पडते. आखातात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांसाठीही एक गोष्ट: सौदी अरेबियात वाणिज्य मंत्रालयाच्या रिकॉल्स डॉट एसए या संकेतस्थळावर अशा गाड्यांची माहिती मिळते.

आपल्या हातात काय आहे

आरसी बुकवर चेसिस नंबर असतो. तो घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा, किंवा सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा, "या नंबरवर कोणतं रिकॉल बाकी आहे का?" पाच मिनिटांचे काम आहे. गाडी सेकंडहँड असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी आपल्या नावावर करून घ्याच, आणि कंपनीकडेही आपले नाव, पत्ता, मोबाइल नंबर बदलून घ्या. आम्ही आरटीओचे काम केले, दुसरे राहिले.

बूस्टर घरी तपासता येतो. गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद असताना ब्रेकचे पेडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक होईल. मग पेडल दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. जागचे हलले नाही तर मेकॅनिककडे जा. पेडल मऊ, स्पंजसारखे लागत असेल तर नळीत हवा असू शकते किंवा ब्रेक ऑइल जुने झालेले असते. ते ऑइल हवेतील ओल शोषते आणि ओलसर ऑइल तापल्यावर लवकर उकळते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. पेडल हळूहळू तळाला जात असेल तर कुठेतरी गळती आहे, गाडी बाहेर काढूच नका.

घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे किंवा पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. इंजिन बंद झाले की बूस्टरची मदत जाते आणि स्टिअरिंगही जड होते. ज्या गिअरमध्ये चढलो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे वेग इंजिन आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. पेडल अचानक कडक झाले तर घाबरून ते पुन्हा पुन्हा दाबू नका. एकदाच पूर्ण ताकदीने दाबून धरा, गिअर उतरवा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. पेडल मऊ पडून खाली गेले तर मात्र भराभर दाबत राहिल्याने थोडा दाब परत येऊ शकतो. टपावर आणि मागे किती सामान भरायचे याचाही विचार करा. वजन वाढले की थांबायला अंतर जास्त लागते, आणि वेग दुप्पट झाला तर ते अंतर जवळपास चौपट होते.

आमची चूक

दोन दिवस आम्ही त्या पहिल्या मालकावर चिडलेलो होतो. निकाहाच्या रात्री मांडवात बसून ही हकीकत सांगत असताना अम्मीने एकच प्रश्न विचारला, "आणि आपली जुनी गाडी?"

ही गाडी घेण्यापूर्वी आमच्याकडे एक लहान गाडी होती. शेवटच्या काही महिन्यांत तिचा ब्रेक मऊ लागायचा, सकाळी पहिल्यांदा पेडल खोल जायचे. ती शेजारच्या तालुक्यातील एका तरुणाला विकली. त्याने विचारले, "गाडीत काही प्रॉब्लेम?" आम्ही म्हणालो, "जशी आहे तशी तुमच्यासमोर आहे." खोटे बोललो नाही, असे मनाला समजावले. व्यवहार झाला, पैसे मिळाले आणि आम्ही विसरून गेलो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचा एक प्रसंग सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनातून आला आहे. प्रेषित (स.) धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याला विचारले, तो म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की मग ते भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, आणि जो फसवतो तो आपला नव्हे, असे बजावले. त्या माणसाने वजनात काटा मारला नव्हता, खोटा भावही सांगितला नव्हता. पाऊस त्याने पाडला नव्हता. फक्त ओल खाली राहू दिली होती.

बूस्टरच्या रबरी आवरणाखाली साचलेली ओल आणि ढिगाखालची ही ओल यांत आम्हाला आता फार फरक वाटत नाही. रिकॉल जाहीर करणारी कंपनी, निदान त्या दिवसापुरते, ओले धान्य वर आणून ठेवत असते. त्यावर हसण्याचे किंवा 'ही कंपनीच वाईट' म्हणण्याचे कारण नाही. चिंता करावी ती दोष माहीत असून गप्प बसणाऱ्याची, मग तो कारखान्यात असो की आपल्या दिवाणखान्यात.

चिपळूणहून परतल्यावर आम्ही त्या तरुणाचा नंबर शोधला. फोन उचलला तेव्हा आधी तो सुखरूप आहे एवढे कळले आणि जीव भांड्यात पडला. मग सगळे सांगितले आणि माफी मागितली. तो म्हणाला की ब्रेक त्याने महिन्याभरातच दुरुस्त करून घेतला होता. खर्च किती आला विचारले तर सांगेना. बराच आग्रह केल्यावर आकडा सांगितला, तो आम्ही पाठवून दिला. त्या पहिल्या मालकांनाही पुन्हा फोन केला आणि चिडून बोललो त्याबद्दल क्षमा मागितली.

या महिन्यात घरातील गाडीचे आरसी बुक एकदा बाहेर काढा आणि चेसिस नंबर तपासून घ्या. गाडी विकायची असेल तर व्यवहाराच्या कागदांबरोबर एका कोऱ्या कागदावर तिचे सगळे दोष लिहून घेणाऱ्याच्या हातात द्या. किंमत थोडी कमी येईल. पण त्या गाडीत पुढे कोणाची तरी दादी मागच्या सीटवर बसणार आहे. अल्लाह सर्वांचा सफर सुखरूप करो. आमीन.