उशिरा सांगितलेलं खरं

स्टँडवर गाडी लागायची वेळ टळून गेली की लोक चौकशीच्या खिडकीशी जमतात. खिडकीतला माणूस म्हणाला, ‘घाटात बंद पडलीय, दुसरी पाठवलीय, दोन तास लागतील,’ तर माणसं चरफडतात, पण पिशवी उशाशी घेऊन बाकावर टेकतात. तोच माणूस आधी ‘निघालीय’ म्हणाला, मग ‘फोन लागत नाही’ म्हणाला आणि शेवटी खिडकीच लावून घेतली, तर अर्ध्या तासात स्टँडभर अपघाताची बातमी पसरते. ती पसरवणारे लोक वाईट नसतात. त्यांची माणसं त्या गाडीत असतात.

मलेशियाच्या एमएच-३७० विमानाबद्दल आजही इतके तर्क का लढवले जातात, याचं उत्तर मला त्या खिडकीत दिसतं. ८ मार्च २०१४ च्या मध्यरात्रीनंतर क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं हे बोइंग ७७७, आत २३९ माणसं. निम्म्याहून जास्त प्रवासी चिनी. पाच भारतीय, आणि त्यांत आपली मराठी माणसंही होती. विमान सापडलं नाही, हे दुःख समुद्राने दिलं. पण त्या दुःखावर संशयाचा जो थर चढला, तो सरकारने चढवला, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या रात्रीच्या नोंदी वाचताना आजही अंगावर काटा येतो. १ वाजून १९ मिनिटांनी वैमानिकाचा शेवटचा आवाज आला, दोन मिनिटांत विमान नागरी रडारवरून पुसलं गेलं. विमान आता व्हिएतनामच्या ताब्यात जायचं होतं. तिकडून हो ची मिन्हच्या नियंत्रकांनी १.३९ ला विचारलं, विमान कुठे आहे? मग विचारपूस सुरू झाली. विमान कंपनीच्या कक्षातून सांगण्यात आलं की ते कंबोडियाच्या हद्दीत आहे. साडेतीनच्या सुमारास त्याच कक्षाने खुलासा केला की पडद्यावर दिसत होतं ते प्रत्यक्ष ठिकाण नव्हतं, ठरलेल्या मार्गावरून बांधलेला अंदाज होता. शोध आणि बचाव केंद्र कामाला लागलं ते साडेपाचला. आवाज थांबल्यापासून चार तास उलटून गेले होते. आणि या चार तासांतला पहिला तासभर लष्कराच्या रडारवर एक ठिपका मलेशियाचा भूभाग ओलांडून पश्चिमेला, मलाक्काच्या सामुद्रधुनीवरून सरकत होता. २.२२ ला तोही दिसेनासा झाला. हा ठिपका शत्रूचा नाही असं समजून कुणी विमान उडवलं नाही, कुणी फोन उचलला नाही.

यात गुन्हा नव्हता, गाफीलपणा होता. तो त्याच दिवशी कबूल केला असता, तर लोक चिडले असते आणि पुढे गेले असते. झालं उलटं. विमान मागे वळलं असावं, अशी पुसटशी ‘शक्यता’ दुसऱ्या दिवशी सांगितली गेली, आणि जहाजं मात्र आठवडाभर दक्षिण चीन समुद्रही घुसळत राहिली. १३ मार्चला एका अमेरिकी वर्तमानपत्राने छापलं की संपर्क तुटल्यावरही विमान काही तास उडत होतं. मंत्र्यांनी हे वृत्त चुकीचं ठरवलं. १५ मार्चला पंतप्रधान नजीब रझाक यांनी स्वतः सांगितलं की उपग्रहाशी त्याचा संपर्क सकाळी ८.११ पर्यंत होता. काही तास नव्हे, जवळपास सात तास! परवा ‘खोटं’ होतं ते आज ‘खरं’ झालं की लोक पुढच्या प्रत्येक ‘खोटं’कडे कसं बघणार?

छोट्या गोष्टींतही तेच. शेवटचे शब्द ‘ऑल राइट, गुड नाइट’ असे होते असं आधी सांगितलं. तीन आठवड्यांनी कळलं की ते ‘गुड नाइट, मलेशियन थ्री सेव्हन झिरो’ होते. सामानात धोकादायक काही नव्हतं, मँगोस्टीनची फळं होती, असं आधी. मग लिथियम बॅटऱ्याही होत्या असं. शब्दांच्या फरकाने विमान पडत नाही, आणि बॅटऱ्यांनी पडलं असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. पण घरच्यांना एकच कळलं: विचारल्याशिवाय हे सांगत नाहीत.

आणि सांगितलं ते कसं? २४ मार्चच्या रात्री, विमान दक्षिण हिंदी महासागरात संपलं हे कळवायला विमान कंपनीने नातलगांना इंग्रजीतून एसएमएस पाठवले. ज्या उपग्रहाच्या नोंदींवरून हा निष्कर्ष काढला होता, त्या कच्च्या नोंदी मात्र नातलगांनी सतत मागितल्यावर मे महिन्याच्या अखेरीस उघड झाल्या. मधल्या दोन महिन्यांत, विमान कुठल्या तरी गुप्त तळावर उतरलंय यावर विश्वास ठेवणाऱ्या आईला मी वेडी म्हणणार नाही. तिला पुरावा न दाखवता मुलाचा मृत्यू मान्य करायला सांगितलं होतं.

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. सरकारी कचेऱ्यांत या म्हणीवर फार श्रद्धा आहे. लष्करी रडारची ताकद शेजाऱ्यांना कळू नये, ही अडचण खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. अर्धवट माहितीने नातलगांना खोटी आशा लागते, हेही खरं. पण मूठ झाकायची तर ‘झाकली आहे’ एवढं तरी बोलावं. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण बघा. समुद्रातून आलेले ध्वनी ब्लॅक बॉक्सचेच आहेत याची मोठी खात्री त्यांच्या पंतप्रधानांनी एप्रिलमध्ये दिली होती. मेमध्ये त्यांच्याच यंत्रणेने तो पट्टा बाद ठरवला, जूनमध्ये शोधाची जागा बदलली आणि का बदलली ते हिशेबासकट छापलं. १ लाख २० हजार चौरस किलोमीटर तळ धुंडाळूनही जानेवारी २०१७ मध्ये ते रिकाम्या हाताने परतले. अपयश मोठं होतं, पण त्यांनी ते लपवलं नाही.

माहिती दाबण्याची सगळ्यात मोठी किंमत मेलेली माणसं मोजतात. कॅप्टनच्या घरच्या सिम्युलेटरवर दक्षिण हिंदी महासागरातले काही बिंदू सापडले होते. पोलिसांना ते २०१४ पासून ठाऊक होतं. जगाला २०१६ मध्ये कळलं, तेही फुटलेल्या कागदांतून. २०१८ च्या अंतिम अहवालात पोलिसांचं म्हणणं आलं की त्या खेळातल्या उड्डाणांपलीकडे वेगळं काही आढळलं नाही. तोवर जगाने त्याला खुनी ठरवून टाकलं होतं. आणि अपघात कशाने झाला हे सांगता येत नाही, असंच त्या अहवालाचंही म्हणणं होतं. नियंत्रकांच्या चुका मात्र त्यात लिहिलेल्या होत्या; दुसऱ्याच दिवशी नागरी उड्डाण खात्याच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. चार वर्षं, चार महिन्यांनी.

हे आपल्यापासून दूर नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं. महिन्याभराने मध्यरात्री प्राथमिक अहवाल आला. मुदत पाळली, हे चांगलंच. पण त्यात एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो, इंधन बंद का केलंस, आणि दुसरा म्हणतो, मी नाही केलं. कोण कुणाला म्हणालं, हे नाही. मूळ शब्द नाहीत. त्या दोन वाक्यांवर टीव्हीवाल्यांनी सकाळपर्यंत निकाल देऊन टाकला, आणि उत्तर द्यायला दोघांपैकी कुणीच उरलं नव्हतं. इतकंच द्यायचं होतं तर ते दोन आठवडे थांबून पुरतं द्यायला हवं होतं, नाहीतर तेही द्यायला नको होतं.

माझी मागणी साधी आहे. अपघात झाला की रोज ठरलेल्या वेळी, जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने एक पान निघावं: काय कळलं, ते कुणाला किती वाजता कळलं, आणि काय सांगता येत नाही व का. नातलगांना ते त्यांच्या भाषेत, आणि टीव्हीच्या आधी मिळावं. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने हा नियम पुढच्या अपघाताची वाट न बघता लिहून काढावा, आणि त्याची पहिली प्रत एमएच-३७० मधल्या पाच भारतीयांच्या घरी पाठवावी.