आधी हात मागा, मग हृदय

भाच्याचं ड्रायव्हिंग लायसन्स या आठवड्यात पोस्टाने घरी आलं. अर्जात अवयवदानाची इच्छा विचारलेली असते, म्हणून त्याला विचारलं, "तू काय लिहिलंस?" त्याला ठाऊकच नव्हतं. अर्ज एजंटने भरला होता. आपल्या मृत्यूनंतर हृदय, यकृत, मूत्रपिंडं कोणाला द्यायची की नाही, हे आरटीओबाहेरच्या टेबलावर एका अनोळखी माणसाने परस्पर ठरवून टाकलं. मला याचा राग आला, आणि तो भाच्यावर नाही.

सामूहिक शपथांच्या कार्यक्रमांबद्दल "निदान जागृती तरी होते" असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. मंचावर हात पुढे करून घेतलेली शपथ मंडपाबाहेर पडेपर्यंत विरते, असं मला वाटतं. अर्जातली ही खूण त्याच जातीची आहे.

परवान्याच्या निमित्ताने वेगळं काय करता येतं, यासाठी डेन्मार्क पाहा. तिथे २००५ मध्ये शाळांत सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकवणं सक्तीचं झालं आणि २००६ पासून वाहन परवान्यासाठी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आवश्यक ठरलं. पुतळ्याच्या छातीवर हात ठेवून दाब दिल्याशिवाय परवाना नाही. २००१ मध्ये रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या शंभरांपैकी साधारण २१ जणांना आसपासच्या माणसांकडून सीपीआर मिळत होता. २०१० मध्ये तो ४५ जणांना मिळाला. महिन्याभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण याच काळात साडेतीन टक्क्यांवरून जवळपास अकरा टक्क्यांवर गेलं. सगळं श्रेय परवान्याचं नाही. सार्वजनिक जागी झटका देणारी एईडी यंत्रं आली, उपचारही सुधारले. पण यंत्र येईपर्यंत रक्त फिरतं ठेवायला कोणाचे तरी हात लागतातच, आणि ते हात त्या देशाने ठरवून तयार केले.

परवाना मागायला आलेल्या तरुणाला डेन्मार्क म्हणतो, जिवंत आहेस तोवर दुसऱ्याला वाचवायला शीक. आपण त्याच तरुणाला विचारतो, मेल्यावर काय देशील? हा प्रश्न वाईट नाही; मी स्वतः अवयवदानाच्या बाजूचा आहे. पण तो एकटाच विचारला जातो, आणि तोही एजंटला.

शिकायला लागतं ते फार थोडं. माणूस हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही, हे दिसताच १०८ ला फोन. मग छातीच्या मधोमध तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मदतीशिवाय जाणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. पोलिसांच्या झंझटीची भीतीही आता धरू नये. अपघातग्रस्ताला सद्हेतूने मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिलं आहे.

अवयवदानाचा प्रश्न यानंतर येतो. कधी हृदय पुन्हा सुरू होतं, पण मेंदू वाचत नाही. मेंदूमृत्यू चार डॉक्टरांचं मंडळ ठरवतं, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून. मग समन्वयक नातेवाइकांशी बोलतो. व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होत असते, अंग गरम असतं, आणि आईवडिलांनी "हो" म्हणायचं असतं. कार्डावर काहीही छापलेलं असो, प्रत्यक्षात त्यांच्या होकारावाचून अवयव काढले जात नाहीत. मुलाने कधी विषयच काढला नसेल, तर त्यांनी कशाच्या आधारावर ठरवायचं? त्या घडीला "नको" म्हणणाऱ्या आईला मी दोष देणार नाही. तिला अंधारात ठेवणाऱ्या व्यवस्थेला देईन.

म्हणून परिवहन खात्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. शिकाऊ परवान्यापासून पक्क्या परवान्यापर्यंतच्या काळात प्रत्येक उमेदवाराने पुतळ्यावर सीपीआर करून दाखवावा. आपण गाडी वळवून दाखवायला लावतोच, हेही लावावं. आणि अवयवदानाचा रकाना उमेदवारानेच भरावा, घरातल्या ज्या व्यक्तीला त्याने हे सांगितलं तिची सही घेऊन. या सहीमुळे होकार कमी मिळतील, अशी शंका काढली जाईल. मिळू देत. घरात बोलून दिलेले शंभर होकार, एजंटने भरलेल्या हजारांपेक्षा अतिदक्षता विभागाच्या दाराशी जास्त उपयोगी पडतील.