चाळिशीतली उमेदवारी

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, प्रवेश मिळविण्यासाठी वयाची १४ वर्षे पुरी व्हावी लागतात. कमाल वयाची मर्यादा मात्र नाही. ४० वर्षांचा कारकून किंवा ४५ वर्षांचा शिक्षक उद्या वायरमन, फिटर अथवा वेल्डर होण्याच्या इराद्याने अर्ज घेऊन गेला, तर केवळ वयाच्या कारणावरून त्याला परत पाठविता येत नाही. तरीही त्या वयाची माणसे तेथे अभावानेच दिसतात. नियमाने उघडे ठेवलेले दार व्यवहाराने बंद व्हावे, असा हा प्रकार आहे. यात वयाचा दोष किती आणि व्यवस्थेचा किती, याचा विचार झाला पाहिजे. कारण मध्यम वयात पोटापाण्याचा मार्ग बदलण्याची पाळी ज्यांच्यावर येते, त्यांची संख्या महाराष्ट्रात थोडी नाही.

राज्य शासनाच्या सेवेत प्रवेश करण्याची वयोमर्यादा २०१६ साली खुल्या वर्गासाठी ३३ वरून ३८ करण्यात आली. मागासवर्गीयांसाठी ती ४३ आहे. उमेदवारांना ही सवलत हवीच होती. पण तिचा दुसरा अर्थ असा की, पुण्यातील पेठांच्या अभ्यासिकांत ऐन उमेदीची दहा-पंधरा वर्षे घालवून अनेकजण चाळिशीच्या उंबरठ्यावर रिकाम्या हाताने बाहेर पडतात. जागा थोड्या आणि अर्ज लाखांनी, तेव्हा यात त्यांचा नालायकपणा शोधणे अन्यायाचे होईल. तीच गत विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांची. ‘कायम विनाअनुदानित’ या बिरुदातील ‘कायम’ हा शब्द २००९ साली वगळण्यात आला, तथापि अनुदान टप्प्याटप्प्यानेच येत राहिले, आणि त्याची वाट पाहता पाहता अनेकांचे केस पिकले. कंत्राटावर नेमलेले कारकून आणि संगणकाने ज्यांचे टेबलच नाहीसे केले असे लेखनिक यांची भर त्यात पडते. या सर्वांना समाज एकच उपदेश करतो, ‘काहीतरी हाताचे काम शिका.’ ते कोठे शिकावे, कसे शिकावे आणि शिकत असताना घर कोणी चालवावे, हे मात्र उपदेश करणारा सांगत नाही.

हा उपदेश महाराष्ट्राने पूर्वी एकदा केलेला आहे आणि त्याचे फळही पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. पण पुढील काही वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि तिशी-चाळिशीतील हजारो कामगार रस्त्यावर आले. हा कामगार अकुशल नव्हता. परंतु त्याचे कौशल्य मागाला आणि चात्याला बांधलेले होते. गिरणीचे फाटक बंद झाले तेव्हा ते आतच राहिले. १९८६ साली केंद्र सरकारने कापड कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला. त्यातून पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के असे उतरत्या क्रमाने साहाय्य मिळावयाचे होते. १९९२ साली राष्ट्रीय नवीकरण निधी स्थापन झाला. कामगारांना नवे शिक्षण देणे हा त्याचा एक घोषित हेतू होता. प्रत्यक्षात त्यातील बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईत खर्ची पडला आणि २००० साली तो निधीच गुंडाळण्यात आला. थोडक्यात, कामगाराला घरी बसविण्यासाठी पैसा मिळाला. त्याला पुन्हा उभे करण्यासाठी नाही. मग कोणी रखवालदार झाले, कोणी फेरीवाले, तर कोणी गावाकडची वाट धरली.

या अनुभवावरून ‘मोठ्या वयात माणूस शिकत नाही’ असा निष्कर्ष काढण्यात येतो. तो चुकीचा आहे, कारण शिकविण्याचा खराखुरा प्रयत्नच झाला नव्हता. चाळिशीतील माणसाचे हात सोळा वर्षांच्या मुलाइतके चपळ नसतील. पण त्याच्यापाशी त्या मुलाकडे नसलेले बरेच काही असते. नकाशा वाचणे, मापे घेणे, मालाचा आणि मजुरीचा अंदाजखर्च मांडणे, दिलेली वेळ पाळणे आणि गिऱ्हाइकाशी नीट बोलणे या गोष्टी त्याच्या अंगवळणी पडलेल्या असतात. कोणत्याही घरमालकाला विचारावे: चांगला नळ कारागीर मिळत नाही, या तक्रारीतील निम्मी तक्रार कारागिराच्या हाताविषयी नसून त्याच्या शब्दाविषयी असते.

शिक्षक हाती हत्यार घेऊ शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्राला नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावला गेले आणि सायकलींच्या धंद्यात पडले. तेथून लोखंडी नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी, असा तो प्रवास झाला. मात्र हे उदाहरण जपून वापरले पाहिजे. लक्ष्मणराव त्या वेळी तिशीच्या आतले होते, यंत्रांचे वेड त्यांना मुळातच होते आणि भाऊ पाठीशी उभा होता. सामान्य माणसाला कारखानदार व्हावयाचे नसते. महिन्याच्या महिन्याला घरभाडे आणि मुलांची फी भागावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. थोरांच्या चरित्रांनी त्याचा हुरूप वाढेल, पण दोन वर्षांचा किराणा भरला जाणार नाही.

खरी अडचण तेथेच आहे. वायरमन, फिटर, टर्नर यांचे अभ्यासक्रम दोन वर्षांचे. वेल्डर आणि प्लंबर यांचे एका वर्षाचे. बहुतेक वर्ग दिवसा आणि पूर्ण वेळ भरतात. बापाच्या घरी जेवणाऱ्या मुलासाठी ही रचना योग्यच आहे. पण ज्याच्या पानावर दुसरे चौघे जेवतात, त्याने दोन वर्षे बिनपगारी कशी काढावयाची? बरे, एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली राहून काम शिकावे, तर विजेच्या जोडणीसारखी कामे परवान्यावाचून करता येत नाहीत. म्हणजे पाटी टाकून काम शिकलेला माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या परवान्याखाली राबत राहणार.

सरकारी योजनांची संख्या कमी आहे असे नाही. त्यांत या माणसाला जागा नाही, एवढेच. शिकाऊ उमेदवारीला उत्तेजन देणाऱ्या केंद्रीय योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात विद्यावेतनातील सरकारचा वाटा १४ ते ३५ या वयोगटासाठीच ठेवलेला आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पंतप्रधान विश्वकर्मा योजना वयाला वरची मर्यादा घालत नाही. प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने एकूण ३ लाखांपर्यंत कर्ज, अशा तिच्या सवलती आहेत. परंतु ती सुतार, लोहार, कुंभार, गवंडी अशा अठरा पारंपरिक व्यवसायांत आधीच असलेल्यांसाठी आहे. नव्याने व्यवसायात येऊ पाहणाऱ्यासाठी नाही. प्रौढ माणूस या दोन्ही योजनांच्या मधल्या फटीत पडतो.

सिंगापूरने २०१५ साली प्रौढांच्या शिक्षणासाठी प्रत्येक नागरिकाच्या नावे प्रशिक्षणाची रक्कम जमा करण्याची पद्धत सुरू केली. मे २०२४ पासून वयाची चाळिशी गाठलेल्या नागरिकांना त्यात ४,००० सिंगापूर डॉलरची भर मिळाली, आणि २०२५ पासून निवडक पूर्ण वेळ अभ्यासक्रम शिकणाऱ्या अशा व्यक्तीला तिच्या आधीच्या मिळकतीच्या निम्म्यापर्यंत मासिक भत्ता देण्याची सोय झाली. ते छोटे आणि श्रीमंत राष्ट्र आहे. त्याची नक्कल येथे होणार नाही. पण शिकण्याच्या काळात प्रौढाचे घर चालले पाहिजे, हे तत्त्व घेण्याला श्रीमंती लागत नाही.

पैशाच्या अडचणीला प्रतिष्ठेची अडचण येऊन मिळते. लेखणी वरची आणि हातोडी खालची, ही समजूत आपल्याकडे बलुतेदारीच्या काळापासून मुरलेली आहे. मुलीचा बाप तुटपुंज्या पगाराचा कारकून पत्करतो, पण बरी मिळकत असलेल्या प्लंबरच्या घरी मुलगी द्यायला कचरतो. ज्यांच्या आजोबांनी बलुत्याच्या जोखडातून सुटण्यासाठी पोरांना शाळेत घातले, त्या घरांतील पदवीधराला ‘परत हत्यार हाती घे’ असे उच्चवर्णीय पांढरपेशाने सांगणे तर सरळसरळ उद्धटपणाचे आहे. हत्यार हाती घेण्याचा उपदेश सर्व घरांतील मुलांना सारखाच लागू होईल, तेव्हाच त्याला नैतिक अधिकार येईल. ही समजूत सरकारी हुकमाने जाणार नाही. परंतु शिक्षक आणि पालक मुलाला ‘अभ्यास केला नाहीस तर वेल्डर होशील’ अशी भीती घालतात, ती घालणे तरी त्यांच्या हाती थांबविण्यासारखे आहे.

शासनाने करण्यासारख्या गोष्टी स्पष्ट आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळा संध्याकाळी रिकाम्या राहतात. तेथे प्रौढांसाठी सायंकाळचे वर्ग भरवावेत. पदवीधर प्रौढाला गणित, भाषा, कार्यालयीन संगणक हे विषय पुन्हा शिकविण्याऐवजी तेवढे तास वगळून मुदत कमी करावी. हातकामाचे तास मात्र एकानेही घटवू नयेत. विद्यावेतनावरील ३५ वर्षांची मर्यादा काढावी. मिस्त्रीकडे शिकलेल्यांना कसून परीक्षा घेऊन परवान्याचा मार्ग मोकळा करावा. काही आठवड्यांच्या वर्गानंतर छापील प्रमाणपत्र हातात देऊन कारागीर तयार झाल्याचा देखावा करणे, हा मात्र शिकणाऱ्याचा आणि गिऱ्हाइकाचाही विश्वासघात आहे.

या मार्गाची काटेरी बाजूही लपवून ठेवता कामा नये. शिडीवर, गुडघ्यांवर आणि ठिणग्यांसमोर काम करताना शरीर झिजते. पन्नाशीनंतर ते हिशेब मागते. स्वतंत्र कारागिराला भविष्यनिर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही, आजारीपणात मिळकत नाही. जो हे सारे जाणून या वाटेने निघतो, त्याच्या धैर्याचे कौतुक करून समाजाला मोकळे होता येणार नाही. माणसाचे काम करण्याचे वय लांबले आहे आणि एकाच नोकरीत निवृत्तीपर्यंत राहण्याचा काळ मागे पडला आहे. असे असताना शिकण्याचा हक्क विशीतच संपतो असे धरून चालणारी व्यवस्था त्याच्या आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे वाया घालविते. आयटीआयच्या नियमावलीने वरची वयोमर्यादा केव्हाच पुसून टाकली आहे. वेळापत्रकाने, विद्यावेतनाने आणि लोकांच्या नजरेने ती अजून पुसावयाची आहे.