अंगणातली थकबाकी

पहिला पाऊस होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच घरापुढच्या खडीतून हिरवे कोंब डोके वर काढतात आणि घरात वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो, औषध मारू. सूनबाई म्हणतात, एकदाचे सिमेंट ओता. सुरत-धुळे महामार्गावरच्या विसरवाडीसारख्या गावांतही आता अनेक घरांना फाटक आले, फाटकातून मोटार आली आणि मोटारीसाठी खडीची वाट आली. पूर्वीचे शेणाने सारवलेले अंगण मागे पडले. त्याबरोबर अंगणाकडे रोज लक्ष देण्याची सवयही गेली. माझ्या मते तणाचे खरे मूळ तिथे आहे.

दगडातून काही गवत उगवत नाही. ते उगवते दगडांच्या फटीत साचलेल्या मातीतून. नवापूर तालुक्यात सागाला तोटा नाही. त्याचा पाला गळतो, पावसात कुजतो, त्यात वाटेवरची धूळ मिसळते आणि दोन-तीन वर्षांत खडीच्या पोटात बियांसाठी छान गादी तयार होते. आणि बियांचा धीर तर विलक्षण! अमेरिकेत विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली बिया बाटल्यांत भरून जमिनीत पुरल्या. त्यांतली एक बाटली २०२१ साली उकरली, तेव्हा १४२ वर्षांनंतरही त्यातल्या काही रुजल्या.

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला हे सारे ओळखीचे वाटते. तण म्हणजे थकबाकी. हप्ता लहान असताना वसुली सोपी. दुर्लक्ष केले की व्याजावर व्याज चढते. १९५६ साली पुण्यातून ज्याची शास्त्रीय नोंद झाली, ते गाजर गवत पाहा. त्याच्या एका झाडाला हजारो बिया धरतात. फुलावर येण्याआधी उपटले तर एक झाड गेले. नंतर उपटले तर पुढल्या पावसाळ्याची सोय करून गेले. मात्र त्याला उघड्या हाताने शिवू नये. कातडीला खाज सुटते.

तणनाशकाचे काय? ग्लायफोसेट हिरवे झाड मारते, पण मातीतल्या बीला हात लावत नाही. हे कर्ज ‘राइट ऑफ’ करण्यासारखे आहे: वही स्वच्छ दिसते, कर्ज तसेच राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली हे रसायन ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले. काही नियामक संस्थांचे मत वेगळे आहे, हेही खरे. पण ज्या अंगणात नातवंडे रांगतात, शेजारच्या कोंबड्या टिपतात, त्या अंगणात हा वाद आपल्या पोरांवर तपासून पाहण्याची गरज काय? मीठ टाकणारेही आहेत. त्याने जमीन नासते आणि पावसाबरोबर ते शेजारच्या वाफ्यात जाते. सिमेंट ओतले तर जमिनीत मुरणारे पाणी गटारात जाते आणि उन्हाळ्यात आपणच विहिरीत वाकून पाहतो.

त्यापेक्षा सरळ उपाय आहेत. खडी टाकण्याआधी जमीन खणून हरळीची मुळे आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचाव्यात. वरचे पाते तोडून ही दोन्ही मरत नाहीत. जमीन ठोकून, कच नसलेली धुतलेली खडी दोन-अडीच इंच पसरावी आणि कडेला विटांची ओळ लावावी, म्हणजे बाजूचे गवत आत सरकत नाही. पाला खराट्याने नेमाने झाडावा, अधूनमधून दाताळे फिरवावे. पावसाची उघडीप मिळाली की ओल असतानाच खुरपे घेऊन बसावे; मूळ सहज सुटते. फटीतल्या कोवळ्या रोपांना उकळते पाणी पुरते.

आणि उपटण्याआधी ओळखावे. टाकळ्याची कोवळी पाने कित्येक घरांत भाजी होतात. आघाडा आणि दूर्वा गणपतीला लागतात. शेतात निंदणी करणाऱ्या बाईला हे सारे ठाऊक असते. तिच्या कामाला आपण बिनकौशल्याचे म्हणतो आणि मजुरी देताना घासाघीस करतो. तिला बोलवायचे तर रास्त मजुरी द्यावी. नाहीतर आठवड्यातून अर्धा तास आपणच वाकावे. एवढे करूनही श्रावणात चार कोंब दिसतीलच. दिसू द्यावेत. ते उपटायला पुढचा रविवार आहे.