मदतीचा कागद आणि काळ्या पट्ट्यातील शेतकरी

संकटकाळी शासनाने शेतकऱ्याला रोख साहाय्य द्यावे, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. वाद व्हावयास हवा तो साहाय्याच्या मोजपट्टीविषयी. २०२० च्या महामारीत अमेरिकेच्या कृषिखात्याने आखलेली योजना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये १९ अब्ज डॉलरांची घोषणा झाली. त्यांपैकी १६ अब्ज शेतकऱ्यांना थेट द्यावयाचे होते. अर्ज घेण्याचे काम कौंटीच्या पातळीवरील कचेऱ्यांकडे होते. ज्या मालाचा भाव जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत निदान ५ टक्के उतरला, त्याच्या उत्पादकाला मालाच्या परिमाणानुसार रक्कम मिळावयाची. व्यक्तीमागे कमाल मर्यादा २,५०,००० डॉलर.

हानीच्या या मोजमापात वर्णाला कोठेही स्थान नव्हते. तथापि महामारीतील मदतीपैकी सुमारे ०.१ टक्का एवढीच कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या हाती पडली, असे कृषिमंत्री टॉम व्हिल्सॅक यांनी मार्च २०२१ मध्ये सांगितले. २०१७ च्या कृषिगणनेत त्यांचे प्रमाण १.४ टक्क्यांच्या आसपास होते. त्यांची शेते लहान, म्हणून वाटाही लहान, असे यावर म्हटले जाते. म्हणणे खोटे नाही. परंतु शेते लहान का राहिली, हाच तर प्रश्न आहे. १९२० मध्ये तेथे ९ लाखांहून अधिक कृष्णवर्णीय शेतकरी होते; २०१७ मध्ये ते ५० हजारांच्या आत आले. ज्याच्याजवळ अधिक त्याला अधिक, हे सूत्र मागील शतकाचा अन्याय नव्या हिशेबात निमूटपणे उतरवून घेते.

अलाबामा राज्यातील समटर कौंटी ‘काळ्या पट्ट्या’त मोडते. हे नाव मुळात मातीचे. आपल्या कपाशीच्या काळीची आठवण व्हावी अशी ती माती. दक्षिणेकडील अशा भागांत पुष्कळ कृष्णवर्णीय कुटुंबांची जमीन मृत्युपत्रावाचून वारसांकडे आली आहे. कसणारा एक, हक्कदार अनेक, आणि कागद कोणाच्याच एकट्याच्या नावे नाही. कचेरीला शेताचा क्रमांक हवा, क्रमांकाला पुरावा हवा. २०१८ च्या कृषिकायद्याने पर्यायी पुरावे मान्य केले खरे. पण दोन वर्षांत ही वाट कितीशी मळणार?

सामायिक सातबारा ठाऊक असलेल्या वाचकाला याचे नवल वाटू नये. एप्रिल २०२० मध्ये आपल्याकडे ‘पीएम-किसान’चा २,००० रुपयांचा हप्ता आगाऊ देण्यात आला, तो जमीनधारक कुटुंबांना. दुसऱ्याची जमीन बटईने कसणारा भूमिहीन त्या व्याख्येत बसतच नव्हता.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील दास्यविमोचनासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. त्या अर्पणपत्रिकेचा उल्लेख आपण आवर्जून करतो. माझ्या मते या संदर्भात ‘शेतकऱ्याचा असूड’ अधिक जवळचा आहे. कारण सरकार आणि कुणबी यांच्यामध्ये दप्तर घेऊन बसलेला कुळकर्णी व कामगार तेथे दिसतो. आजच्या नियमात तो माणूस असावाच लागत नाही. त्याचे काम अर्जाचा नमुनाच करतो.

मार्च २०२१ च्या कायद्याने मात्र ‘सामाजिकदृष्ट्या वंचित’ शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीसाठी सुमारे ४ अब्ज डॉलर ठेवले. गोऱ्या शेतकऱ्यांनी दावे लावले. हा वर्णभेद होय, या कारणाने न्यायालयांनी जूनमध्ये अंमलबजावणी थांबविली. म्हणजे वर्णाविषयी मौन पाळणारा नियम निर्वेध चालला, आणि वर्णाचे नाव घेणारा अडला. ऑगस्ट २०२२ मध्ये ती तरतूद रद्द झाली. तिच्या जागी आलेल्या कायद्यात वर्ण गेला. कृषिखात्याच्या कर्जवाटपात ज्यांना ‘भेदभाव’ सोसावा लागला, त्यांच्यासाठी साहाय्य आले. २०२४ मध्ये ४३,००० हून अधिक लोकांना सुमारे २ अब्ज डॉलर मिळाले. त्यासाठी प्रत्येकाला आपल्यावरील अन्यायाची हकिकत एका लांबलचक अर्जात, रकान्यारकान्याने, लिहून द्यावी लागली.